बिकानेरला निघालेल्या भाचीस

सोलापूर

चि. भाचीस,


ताईचा फोन आला. तुझ्या निकालाचा आनंद तिने सांगितला आणि लगेच घरातली धुसफूसही सांगितली. अखिल भारतीय परीक्षेतून तुला बिकानेरच्या स्वामी केशवानंद राजस्थान कृषी विद्यापीठात मृदाशास्त्राची जागा मिळते आहे, आणि घरात सगळ्यांचा एकच सूर आहे: शेती शिकायला वाळवंटात कशाला जायचं? एक वर्ष थांबावं आणि राहुरी किंवा परभणी मिळेल तेव्हा घ्यावं, असं त्यांना वाटतं. तू माझं मत विचारलंस. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं पत्र निवांत वाचशील. तू जा. माझं सगळं आयुष्य कोरडवाहू शेतीच्या संशोधनात गेलं. त्या अनुभवावरून सांगतो, आपल्या सोलापूर, धाराशिव, बीडच्या शेतीला पुढच्या तीस वर्षांत जे शास्त्र लागणार आहे, त्याचा पक्का पाया तुला तिथे मिळेल.

आधी घरच्यांच्या मनातली भीती काढू. थर हे ओसाड वाळवंट नाही. जगातल्या वाळवंटांत सर्वांत दाट वस्ती तिथे आहे. राजस्थानचा साठ टक्के भूभाग त्यात येतो आणि लाखो कुटुंबं तिथे शेती आणि पशुपालन करून पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. अरवलीच्या पायथ्याशी वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बिकानेरला अडीचशे ते तीनशे आणि जैसलमेरच्या पश्चिम टोकाला जेमतेम शंभर. तेवढ्यावर बाजरी, मटकी, गवार, तीळ ही पिकं उभी राहतात. आपल्या मिसळीतली मटकी देशात सर्वांत जास्त पिकते ती राजस्थानातच. जिरं आणि इसबगोलही तिकडे पिकतं.

या मुलखाचा शास्त्रीय अभ्यासही नवा नाही. १९५२ मध्ये जोधपूरला वाळवंट वनीकरण केंद्र निघालं. १९५७ मध्ये त्याला मृदसंधारणाची जोड मिळाली. पुढे युनेस्कोने पाठवलेले ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ ख्रिश्चन यांच्या सल्ल्याने १९५९ मध्ये त्याची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था झाली. लोक तिला ‘काझरी’ म्हणतात. तुझं विद्यापीठ १९८७ चं. संगरियाला ग्रामीण शिक्षणाचं मोठं काम उभं करणाऱ्या स्वामी केशवानंदांचं नाव त्याला पुढे मिळालं. बिकानेरमध्येच शुष्क फलोत्पादनाची केंद्रीय संस्था आहे आणि उंटांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. एका शहरात माती, फळझाड आणि जनावर या तिन्हींचा अभ्यास करणारी माणसं तुला भेटतील. दोन वर्षं फक्त आपल्या विभागाच्या इमारतीत काढू नकोस.

आता तू तिथे काय शिकावंस ते सांगतो.

पहिली गोष्ट, पाणी मातीत कसं वागतं ते स्वतःच्या हाताने मोज. आपली भारी काळी जमीन आणि तिथली वाळू यांतला फरक पुस्तकात एका तक्त्यात उरकलेला असतो. तू तो शेतात बघ. समज, कोरड्या जमिनीवर वीस मिलिमीटरची सर पडली. दुसऱ्या दिवशी गिरमिट घालून माती काढ. वाळूत ओल साधारण वीतभर खाली गेलेली दिसेल, कारण वाळू पाणी फारसं धरून ठेवत नाही, ते खाली सोडते. आपल्या काळ्या जमिनीत तीच सर जेमतेम चार बोटं मुरलेली असेल, कारण चिकणमातीचा प्रत्येक थर आधी स्वतःची तहान भागवतो. मग ऊन पडतं. वाळूचा वरचा थर भराभर सुकतो आणि सुकला की तोच खालच्या ओलीवर पांघरूण होतो. बारीक नळ्यांमधून पाणी वर चढण्याची वाट तिथे तुटते. काळ्या जमिनीत मात्र ती चार बोटांची ओल उन्हाच्या टप्प्यातच राहते आणि आठवडाभरात उडून जाते. म्हणजे थोड्या पावसात वाळू आपल्या काळ्या मातीपेक्षा जास्त दिलदार ठरते. मोठा पाऊस झाला की हिशेब उलटतो. वाळूतून पाणी मुळांच्या खाली निघून जातं आणि काळी जमीन ते महिनोन् महिने सांभाळते. म्हणूनच तिकडे पाऊस पडताच बाजरी पेरतात, आणि आपण पावसाळाभर रान मोकळं ठेवून त्या साठलेल्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी घेतो. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपले शेतकरी म्हणतात. भेगा बुजवून आणि वरचा थर भुसभुशीत ठेवून आपण काळ्या मातीला तेच करायला लावतो, जे वाळू आपोआप करते. हे तुला एकदा मुळापासून समजलं की कुठल्याही गावातली जमीन बघून तिथे काय पेरावं याचा अंदाज तुला बांधता येईल.

ही समज आपल्याकडे परकी नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ मध्ये सुरू झालं. ना. वि. कानिटकर यांनी इथल्या जमिनीत ओल किती मुरते, किती वाहून जाते आणि किती उडते याची मापं घेतली. ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली कोरडवाहू शेतीची शिस्त त्या कामातून घडली. बांध, खोल मशागत, विरळ पेरणी, वेळेवर कोळपणी हे सगळं मोजमापातून आलं. तू त्याच परंपरेतली आहेस. तिकडे गेलीस तरी आपल्या मातीपासून तुटणार नाहीस.

दुसरी गोष्ट, सरासरीवर विसंबू नकोस. वाळवंटातल्या पावसाची सरासरी हा फार फसवा आकडा असतो. बाडमेर जिल्ह्यात ऑगस्ट २००६ मध्ये मोजक्या दिवसांत वर्षाच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस कोसळला. कवास गावाच्या परिसरात जमिनीखाली जिप्समचा थर आहे. पाणी मुरायला जागा नव्हती, त्यामुळे वाळवंटातलं गाव आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिलं. याच प्रदेशाने विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ भोगला आहे. तिकडे त्याला आजही ‘छप्पनिया’ म्हणतात. अशा ठिकाणी दोन हंगामांच्या प्रयोगावर मोठे निष्कर्ष काढायचे नसतात. तुझा प्रबंध दोनच वर्षांचा असेल, त्याला इलाज नाही. पण विद्यापीठाच्या हवामान विभागात जुन्या नोंदी असतील, त्या पहिल्याच महिन्यात मागून घे. तुझी दोन वर्षं त्या लांब मालिकेत नेमकी कुठे बसतात, हे प्रबंधात स्पष्ट लिही. चांगल्या पावसाच्या वर्षी आलेलं उत्पन्न सांगून शेतकऱ्याला भुलवणं हा आपल्या विद्येचा अपमान आहे.

बाजरीच्या वाणाचं उदाहरण घे. हिसारच्या कृषी विद्यापीठाने १९९० मध्ये ‘एचएचबी ६७’ हा संकरित वाण दिला. पासष्ट दिवसांच्या आत तयार होणारा, म्हणून पाऊस उशिरा आला किंवा लवकर गेला तरी शेतकऱ्याच्या पदरात काही पडायचं. तो इतका पसरला की गोसावी रोगाला मोकळं रान मिळालं. मग हैदराबादच्या इक्रिसॅटच्या मदतीने त्याच्या मूळ वाणांत रोगप्रतिकारक जनुकं आणली गेली आणि २००५ मध्ये सुधारित वाण आला. जनुकीय खुणांच्या आधाराने तयार होऊन शेतकऱ्याच्या हाती पोहोचलेल्या देशातल्या पहिल्या वाणांपैकी तो एक. यातून दोन गोष्टी शिक. कोरडवाहू भागात लवकर तयार होणं हा गुण कधीकधी जास्त उत्पन्नापेक्षा मोलाचा असतो. आणि एकच वाण सगळ्या मुलखात पसरला की रोगाचं दार उघडतं.

तिसरी गोष्ट, तिथल्या शेतकऱ्याचं ऐक, आणि ऐकलेलं मोजून बघ. तुला शेताशेतात खेजडीची झाडं दिसतील. ही आपली शमी. आपण दसऱ्याला तिची पूजा करतो, तिकडे ती रोजच्या संसारात असते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा म्हणजे सांगरी भाजीला, फांद्या सरपणाला. खेजडीखाली बाजरी चांगली येते असं तिथला शेतकरी सांगेल. संशोधकांनी मोजून पाहिलं तेव्हा त्या सावलीतल्या मातीत सेंद्रिय पदार्थ आणि नत्र जास्त सापडलं. मुळं खोल जातात, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलीसाठी पिकाशी भांडण कमी. पाला हिवाळ्यात छाटतात, त्यामुळे उन्हाची अडचणही कमी. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये ही झाडं वाचवताना अमृता देवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. त्या गावाला एकदा जाऊन ये. मग आजचा प्रश्न बघ. बऱ्याच भागांत जुन्या खेजड्या वाळत चालल्या आहेत. मुळं पोखरणारी अळी, गॅनोडर्मा बुरशी, खाली गेलेलं भूजल, ट्रॅक्टरने तुटणारी मुळं अशी कारणं सांगितली जातात. मृदाशास्त्राच्या विद्यार्थिनीला इथे खरं काम आहे. मार्गदर्शकांशी बोलताना हा विषय जरूर काढ.

पाणी साठवण्याचं ज्ञानही तसंच आहे. टांका बघशील तेव्हा वही काढून बस. जमिनीखाली गोल हौद, भोवती हौदाकडे उताराचं चोपून घट्ट केलेलं अंगण. त्या अंगणाला तिकडे आगोर म्हणतात. पाणी आत शिरतं तिथे काडीकचरा अडवायला जाळी असते आणि वर झाकण. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरचं आगोर आणि वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातलं निम्मंच हौदात आलं, तरी पन्नास हजार लिटर होतात. सहा माणसांच्या घराला पिण्या-रांधायला दिवसाला साठ लिटर लागले, तर वर्षाला बावीस हजार लिटर पुरतात. आपल्याकडे याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि तरी मार्चपासून टँकरची वाट बघणारी गावं आहेत. जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून बांधलेली खडीनं बघ. खडकाळ उतारावरचं पाणी लांब मातीच्या बांधाने खोलगटात अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. शंभर-दोनशे मिलिमीटरच्या मुलखात रब्बीचं पीक! मात्र कौतुकावर थांबू नकोस. पाणलोट आणि शेत यांचं प्रमाण किती, गाळ किती येतो, क्षार साठतात का, हे मोज. परंपरेला खरा मान तिची परीक्षा घेऊनच देता येतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाळवंटातली मोठी संकटं पाण्याच्या तुटवड्यातून आली तशी मुबलकतेतूनही आली, हे तिथे डोळ्यांनी बघ. इंदिरा गांधी कालव्याची कल्पना बिकानेर संस्थानातले अभियंते कंवर सेन यांची. काम १९५८ मध्ये सुरू झालं. सतलज-बियासच्या संगमाजवळच्या हरिके धरणातून निघणारा हा कालवा, जोडकालवा धरून ६४९ किलोमीटरचा आहे. त्याने शहरांना आणि गावांना पिण्याचं पाणी दिलं, लाखो हेक्टर जमीन भिजवली. त्याचं मोल कमी लेखू नकोस. पण काही भागांत जमिनीखाली जिप्सम आणि चिकणमातीचे कठीण थर होते. त्यांच्यावर मोकाट पाणी सोडलं गेलं, निचऱ्याची सोय नव्हती, आणि पाणी वर वर येत गेलं. हनुमानगढ-सूरतगढ बाजूला पाणथळ झालेली, क्षारांनी पांढरी पडलेली रानं बघायला मिळतील. तिकडे या रोगाला ‘सेम’ म्हणतात. ती माती हातात घेतलीस की तुला सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या चोपण आणि क्षारपड जमिनी आठवतील. तिथे उसाला अती पाणी पाजून तेच झालं. अडीचशे मिलिमीटरचा मुलूख आणि कृष्णेचा काठ, दोन्हीकडे दुखणं एक आणि कारणही एक. खालचा थर न बघता वर पाणी सोडलं. म्हणून सिंचनाची कुठलीही योजना तुझ्यासमोर आली, तर पाणी किती येणार हे विचारण्याआधी ते जाणार कुठून हे विचार.

वेड्या बाभळीचंही तेच. वाळू थांबवायला झटपट वाढणारं झाड हवं म्हणून ती गेल्या शतकात मुद्दाम पसरवली गेली. सरपण मिळालं हे खरं, पण तिने कुरणं, ओढे, गावठाणं गिळली आणि सेवण, धामण यांसारख्या पौष्टिक गवतांची जागा घेतली. आपल्या माळांवरही ती माजलेली तू बघतेसच. याउलट काझरीने वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात आधी जनावरांपासून जागा राखायची, वाऱ्याला आडव्या काटक्या-गवताच्या ओळी रोवायच्या, मग त्यांच्या आडोशाला झाडं, फोगासारखी झुडपं आणि गवत लावायचं, असा क्रम आहे. सावकाश होतं, पण टिकतं. उतावळ्या उपायाची किंमत पुढची पिढी मोजते.

पाचवी गोष्ट, ‘पडीक’ हा शिक्का सहजासहजी मान्य करू नकोस. पश्चिम राजस्थानात सौरऊर्जेचं प्रचंड काम चाललं आहे. फलोदीजवळचा भडला सौर प्रकल्प २२४५ मेगावॉटचा आहे. देशाला वीज हवी, आणि स्वच्छ वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण महसुली कागदावर पडीक म्हणून लिहिलेल्या जमिनीत गावाचं गायरान असतं, ओरण असतं. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. याच रानांत माळढोक राहतो. आपल्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आता देशातले उरलेसुरले माळढोक मुख्यतः जैसलमेरच्या बाजूला आहेत. अंगाने जड, समोरचं नीट पाहू न शकणारा हा पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दुसऱ्या बाजूला जोधपूरला काझरीने १०५ किलोवॉटचा असा प्रयोग उभा केला आहे की सौरपट्ट्यांच्या ओळींमधल्या जागेत मूग, मटकी, जिरं यांसारखी पिकं घेतात, आणि पट्ट्यांवर पडणारं पावसाचं पाणी पन्हळीने हौदात साठवतात. वीज, पीक, पाणी एकाच रानातून. आपल्या मराठवाड्यातही सौर प्रकल्प येत आहेत. परत येशील तेव्हा या विषयावर ठाम बोलू शकणारी माणसं आपल्याकडे लागतील. त्यांत तू असावीस असं मला मनापासून वाटतं.

राहण्या-वागण्याबद्दल थोडं सांगतो. उन्हाळा कडक आहे. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. शेतातली मापं भल्या सकाळी उरकायची, डोक्याला सुती पंचा आणि जवळ पाणी ठेवायचं, आणि उगाच धाडस करायचं नाही. थंडीत पहाटे पारा खूप उतरतो, तेव्हा लोकरी कपडे इथूनच ने. मारवाडी बोली कानावर पडू दे. पहिल्या सहा महिन्यांत ती समजायला लागली की ढाण्यांवरच्या, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवरच्या, बायका तुझ्याशी मोकळेपणी बोलतील. बियाणं कोण राखतं, पाणी कोण आणतं, शेळ्या कोण बघतं, याची खरी उत्तरं त्यांच्याकडे असतात आणि पुरुष संशोधकांना ती बहुधा मिळत नाहीत. हा तुझा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नकोस. वसतिगृहाच्या गच्चीवर स्वतःचा पर्जन्यमापक ठेव आणि रोज सकाळी नोंद कर. ज्या वाफ्यात काहीच उगवलं नाही, त्याचीही नोंद तितक्याच निगुतीने ठेव. न उगवलेलं पीकही मातीबद्दल काहीतरी सांगत असतं, आणि ते लपवणारा संशोधक पुढच्या माणसाला त्याच खड्ड्यात पाडतो.

घरच्यांची काळजी रास्त आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्याशी मी बोलेन. त्यांना एवढंच सांगेन की आपल्याकडचा पाऊस दिवसेंदिवस लहरी होतो आहे. मोठे खंड पडतात, मग एकदम कोसळतो. अशा पावसाशी संसार कसा करायचा, याचा फार बारीक अभ्यास ज्या मुलखात झाला, तिथे आपली मुलगी शिकायला निघाली आहे.

प्रवेश स्वीकारण्याची मुदत जवळ आली असेल. आजच अर्ज पक्का कर आणि फी भर. पैशांची अडचण असेल तर मला कळव, संकोच करू नकोस. तिथे मन लावून शीक, सगळं मोजून बघ, आणि शिकलेलं घेऊन इकडे परत ये. आपल्या शेतकऱ्यांना तुझी गरज आहे.

तुझा,
मामा